पुढे दिवाळी ठेवून बघा

‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ येतं, हे ठाऊक असलेल्यांची महाराष्ट्रात एक वेगळी पोटजात आहे. जनगणनेत तिचा रकाना नाही, पण सोवळं कडक आहे. मी या पोटजातीत जन्मलेलो नाही, दत्तक गेलेला आहे. आणि दत्तक गेलेल्याला कुळाचार अंमळ जास्तच पाळावा लागतो. मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालेल्या पोराकडून ‘टू’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप एवढंच घोकून घेतलेलं असतं. टू गो, टू ईट, टू स्लीप. या रांगेत एक ‘टू’ असा निघतो की त्याला मूळ रूप खपत नाही, ‘आयएनजी’ लावूनच त्याच्यापुढे उभं राहावं लागतं, हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी मी वर्गातल्या बाकीच्यांपासून कायमचा वेगळा झालो. बाकीच्यांना तसं काही जाणवलं नाही.

मी कुणाची चूक तोंडावर काढत नाही. तो असंस्कृतपणा झाला. माझी पद्धत सभ्य आहे, म्हणजे जास्त दुष्ट आहे. समोरच्यानं ‘लुकिंग फॉरवर्ड टू सी यू’ असं लिहिलं की मी उत्तरात ‘आय लुक फॉरवर्ड टू सीइंग यू’ असं लिहितो. बोलायचं काही नाही, फक्त बरोबर रूप त्याच्या दारात नेऊन ठेवायचं. त्यानं ते बघावं, चपापावं, आपलं वाक्य पुन्हा काढून वाचावं आणि त्याला रात्री झोप येऊ नये. आजवर कुणाची झोप उडाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. पण मी आशा सोडलेली नाही.

बँकेच्या प्रादेशिक कार्यालयात पत्रांचे मसुदे करण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे ‘अवेटिंग युवर अर्ली रिप्लाय’, ‘प्लीज डू द नीडफुल’ या मंडळींशी माझं जुनं घरगुती वैर. मुख्य कार्यालयातून एकदा एका साहेबांचा खास फोन आला होता, ‘तुमच्या पत्रातलं ते फॉरवर्ड टू रिसीव्हिंग फार छान वाटलं हो.’ त्या पत्रात आम्ही मागितलेल्या दोन पंख्यांचं काय झालं, हे मी विचारायचं विसरलो. पंखे अर्थातच आले नाहीत. उन्हाळाभर सगळा विभाग माझ्याकडे बघत घाम पुसायचा.

तर लेकीनं आपलं आपण जमवलं. मुलगा पुण्यात तिच्याच कंपनीत, घर लातूरकडचं, औसा तालुक्यातलं. त्याची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मंडळी रविवारी आमच्याकडे यायची ठरली आणि बाईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: ‘नमस्ते सर. वुई आर लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू अँड फॅमिली ऑन संडे.’

‘बाबा, तुम्ही काहीही करायचं नाहीये,’ लेक म्हणाली. मेसेज तिनं पाहिला नव्हता, माझा चेहरा पाहिला होता.

मी कुठं काय केलं? मी फक्त उत्तर दिलं: ‘वुई टू लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.’ पाच मिनिटांत बाईंचा मराठीत मेसेज. ‘सर, मीटिंग कशाची हाय? अहवाल आणावा लागंल का?’

हा किस्सा मी सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर सांगितला. दुसऱ्या दिवशी, काल न आलेल्यांसाठी, पुन्हा सांगितला. तेव्हा अहवालाच्या जोडीला हजेरीचं रजिस्टर आणि केंद्रप्रमुखांची सहीही घातली. मंडळी पोट धरून हसली. मी आकाशाकडे पाहत, ‘चालायचंच, खेड्यात कोण सांगणार त्यांना’ असं मोठ्या मनानं म्हणालो.

इथं मला रेनसाहेबांबद्दल बोलायचं आहे. विषयाशी त्यांचा संबंध आहे की नाही ते नंतर बघू. लाल मुखपृष्ठाचं ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ सगळा हिंदुस्थान ‘रेन अँड मार्टिन’ या जोडनावानं ओळखतो. यातल्या मार्टिनसाहेबांबद्दल मला पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे तेवढंच ठाऊक: एच. मार्टिन, एम.ए., ओ.बी.ई. माणूस नावापुरता आला, नियम सांगितले आणि गेला. पण रेन! पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे मूळचे साधे पर्सी रेन. जन्म 1875चा, लंडनच्या डेप्टफर्डमधला. नाव पुढे त्यांनी स्वतःच भारदस्त करून घेतलं. 1903च्या सुमारास इकडे आले, इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये शिरले आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात वर्षानुवर्षं राहिले. शाळा कशा चालवाव्यात, मास्तरांनी कसं शिकवावं यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. इथवर सगळं सरकारी, खाकी लिफाफ्यातलं. आणि मग 1924 साली या गृहस्थानं ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरी लिहिली. फ्रेंच फॉरिन लिजन, सहारा वाळवंट, चोरीला गेलेला नीलमणी, तीन देखणे भाऊ! पुस्तक तुफान खपलं. 1926 साली त्यावर मूकपट निघाला, त्यात रोनाल्ड कोलमन. 1939 साली बोलपट निघाला, त्यात गॅरी कूपर.

म्हणजे बघा, ‘कर्त्यानुसार क्रियापद चालते’ यावर जो माणूस आपल्याकडून गाळलेल्या जागा भरून घेतो, त्याच्याच एका गोष्टीत गॅरी कूपर वाळवंटात बंदूक चालवतोय. मला हे फार उशिरा कळलं. कळलं त्या रात्री मी लाल पुस्तक काढून पुन्हा चाळलं. कुठं वाळूचा कण सापडतोय का? ‘द बॉय स्टूड ऑन द बर्निंग डेक’च्या जातीचं एखादं वाक्य दिसलं की माझा श्वास अडायचा. आपण स्वतः लिजनमध्ये होतो असं रेनसाहेब भासवत असत. अभ्यासकांना त्याचा भक्कम पुरावा काही मिळालेला नाही. मला ते ऐकून त्यांच्याबद्दल जवळीकच वाटली. व्याकरणाच्या माणसाला थोडी बढाई हवीच. नाहीतर दिवसभर ‘अ’ की ‘अ‍ॅन’ यात आयुष्य कसं काढणार? पत्नीला मी हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे त्यांचंही बायको काही ऐकून घेत नसणार.’

‘बो जेस्ट’ची सुरुवात मात्र खरोखरच थरारक आहे. वाळवंटातल्या झिंडरनोफ नावाच्या किल्ल्याकडे मदतीची तुकडी येते. तटावर प्रत्येक झरोक्यात शिपाई उभा, बंदूक रोखलेली. हाका मारल्या तर उत्तर नाही. जवळ जाऊन बघतात तो सगळे मेलेले. शत्रूला किल्ल्यात माणसं कमी आहेत असं वाटू नये म्हणून त्यांच्या निर्दय अंमलदारानं मेलेल्या शिपायांनाच नेम धरायला लावून तटावर उभं केलेलं असतं.

मी ते पान वाचून बराच वेळ थांबलो. रेनसाहेब गेले, मार्टिनसाहेब गेले, 1947 साली उरलेसुरले साहेबही बोटीत बसून गेले. आणि किल्ल्याच्या तटावर, टोपी नीट, बंदूक रोखलेली, ‘टू मीट’ कुठून येतोय याची वाट बघत मी उभा. माझ्या शेजारच्या झरोक्यात आमच्या कट्ट्यावरचे आणखी दोघे.

शिवाय ज्या सीमेवर आम्ही पहारा देतो, ती सीमा सरकती आहे. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. ‘अकस्टम्ड टू’च्या पुढे आज आम्ही ‘वॉकिंग’च मागतो, पण एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्याचांगल्या इंग्रज लेखकांना ‘अकस्टम्ड टू वॉक’ बिनदिक्कत चालत असे. त्यांनी माझ्या बँकेत मसुदा पाठवला असता तर मी तो परत केला असता. आणि ‘आयएनजी’ लावून सुटका होते असंही नाही. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युवर कमिंग’ म्हणायचं की ‘टू यू कमिंग’? फाउलरसाहेबांनी 1926च्या आपल्या कोशात ‘यू कमिंग’वाल्यांना धारेवर धरलं, डेन्मार्कच्या येस्पर्सननं ‘हे सगळे चांगले इंग्रज बोलतातच की’ म्हणून फाउलरना धारेवर धरलं. इंग्रजीवरून एका इंग्रजाला एक डॅनिश माणूस समज देतोय, या दृश्यानं मला आजही गुदगुल्या होतात. मी अर्थात फाउलरच्या बाजूचा. त्यात एक पायरी अधिक आहे, आणि ज्या शिडीला एक पायरी अधिक असते ती मला आवडते.

आमच्या पोटजातीला खरा फटका बसला 2018 साली. जीमेलमध्ये वाक्य आपोआप पुढे लिहून मिळायला लागलं. तुम्ही ‘लुकिंग फॉ’ एवढं टंकलंत की फिकट अक्षरात ‘फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ तयार. बोट दाबलं की झालं. मी आयुष्यभर कमावलेला ‘आयएनजी’ आता गॅसचं बुकिंग घेणाऱ्या पोऱ्याच्या हातातही फुकट. कूळकायद्यात जमीन गेलेल्या घरांतली वडीलधारी माणसं सातबारा उराशी धरून ओटीवर बसायची ना, तसा मी काही दिवस संगणकापुढे बसलो. कुणाचाही मेल आला आणि त्यात ‘टू हिअरिंग’ दिसलं की मला संशय येई: हे ज्ञान वडिलोपार्जित की यंत्रदत्त? ओळखायला काही मार्ग नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढी अजून माणसं स्वतःच्या चुका स्वतः करतात, म्हणून तर माझा तिकडे ओढा.

पण एक गोष्ट मला हसण्यावारी नेता येत नाही. बँकेत बढतीच्या मुलाखती असत, आणि कागद लावून द्यायला मी त्या खोलीत बसत असे. तालुक्याच्या शाखेतला एक कारकून आला होता. त्याच्या शाखेची कर्जवसुली विभागात नाव घेण्यासारखी होती, आणि ती त्यानं लोकांच्या बांधावर जाऊन, पाऊस किती झाला ते विचारून, सोयाबीन विकल्यावर पैसे द्या म्हणून केलेली होती. त्याच्या अर्जाच्या शेवटी होतं: ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू सर्व्ह.’ मुख्य साहेबांनी ‘सर्व्ह’भोवती लाल गोल काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. खोलीतला ‘आयएनजी’वाला मीच, हे त्यांना माहीत होतं. ते हसले. मग वसुलीबद्दल त्याला एकही प्रश्न विचारला गेला नाही. त्याच साहेबांच्या टिपणीत ‘डिस्कस्ड अबाउट’ असायचं, आणि त्याभोवती गोल काढायला कुणाच्या पेनात शाई नसायची. लाल गोल वरून खालीच काढता येतो, हा नियम रेन अँड मार्टिनमध्ये नाही. तरी सगळ्यांना पाठ आहे. तो कारकून दार हलकेच लावून गेला. मला आजही त्या गोलाचा राग येतो, आणि तसा गोल माझ्या बोटांना किती सुबक काढता येतो याचाही.

असो. रविवार उजाडला.

मंडळी आली. व्याही शेतकरी, कमी बोलणारे. जावईबापू आमच्या माहितीचेच. बाईंनी आत येताच हातातली पिशवी माझ्यापुढे धरली. आत कापडात बांधलेले धपाटे आणि शेंगाच्या चटणीची बरणी.

‘घ्या सर. अहवाल.’

लेकीला ठसका लागला. मी बरणीकडे बघत राहिलो. कट्ट्यावर सांगितलेल्या किस्स्यातली केंद्रप्रमुखांची सही माझ्या डोळ्यांपुढून सावकाश गेली.

‘बस का सर,’ बाई म्हणाल्या, ‘आमची महिन्याला एक तरी मीटिंग असतीच. तुम्ही पण बोलावली म्हणल्यावर गंमत केली. पण मला खरंच सांगा, ते मीटिंग कसं काय? ‘टू’च्या पुढं तर मूळ रूप असतं ना. मी लेकरांना तसंच सांगते.’

माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला प्रथमच कुणी विचारत होतं. इतकी वर्षं मी बरोबर रूप लोकांच्या दारात ठेवत आलो, पण दार उघडून ‘हे काय आहे?’ असं कुणी विचारलं नव्हतं. मी घसा साफ केला. ‘त्याचं असं आहे, इथं ‘टू’ हे प्रिपोझिशन असून त्यापुढे जेरंड...’ ‘जेरंड’मधला ‘जे’ मी इतका मऊ उच्चारला की व्याह्यांनी मान वर करून बघितलं.

‘ते कळंना,’ बाई म्हणाल्या.

मग मी सोपं केलं. ‘पुढे दिवाळी ठेवून बघा. ‘आय वाँट टू दिवाळी’ होत नाही. म्हणून तिथं ‘टू मीट’. ‘आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ होतं की नाही?’

‘होतं.’

‘म्हणून तिथं ‘टू मीटिंग’.’

बाई क्षणभर थांबल्या. ‘म्हंजे या ‘टू’ला पुढं नाम लागतं. मग ते धातुसाधित नाम झालं की! वाचणे, येणे, भेटणे. आम्ही शिकवतो की ते. तुम्ही उगंच जेरंड जेरंड करून राहिलात.’

दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता, असं जाणकार सांगतात. ते जुनं उसनं विहीणबाईंनी माझ्या दिवाणखान्यात, चहा निवायच्या आत फेडून टाकलं.

मग त्यांनीच त्यांचं सांगितलं. 2000 साली सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं तेव्हा त्या नोकरीला नव्या होत्या. डी.एड. मराठीतून झालेलं, स्वतःचं इंग्रजी बारावीला सुटलेलं. जून उजाडला आणि पहिलीची लेकरं पुढ्यात. मग रात्री जेवणं झाली की नवऱ्याला समोर बसवून उद्याची वाक्यं म्हणून बघायची. ‘स्टँड अप, सिट डाउन करून करून ह्यांचे गुडघे गेले,’ बाई म्हणाल्या. व्याह्यांनी इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं: ‘क्लॅप युवर हँड्स बरं होतं. बसल्या बसल्या व्हायचं.’

‘मग तो मेसेज इंग्रजीत कशाला लिहिलात?’ मी विचारलं.

‘मुलीनं सांगितलं, बाबांना इंग्रजीचं लई आहे. म्हणलं मान ठेवावा. दोन रात्री घातल्या मी त्या वाक्यात. पोराला दाखवणार होते, पण म्हणलं राहू द्या, आपलं आपण लिहावं.’

लेकीनं माझ्याकडे पाहिलं नाही, ही तिची मेहेरबानी. मी एक धपाटा उचलला आणि चटणी तिखट आहे असं मोठ्यानं म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं तर कारण तयार असावं.

साखरपुडा ठरला, लग्नाचा हॉल ठरला, आणि दिवाळी बाईंच्या हाती लागली ती लागलीच. पहिला फोन आला रात्री साडेनऊला. ‘सर, ‘आय यूज्ड टू दिवाळी’ होत नाही. पण ‘आय अ‍ॅम यूज्ड टू दिवाळी’ होतंय बघा. म्हंजे पहिल्याला ‘गो’ आणि दुसऱ्याला ‘गोइंग’. बरोबर?’ बरोबर. शंभर टक्के बरोबर. माझ्या विभागातल्या निम्म्या अधिकाऱ्यांना निवृत्तीपर्यंत न उलगडलेलं कोडं त्यांनी पोळ्या लाटताना सोडवलं होतं; मागे लाटणं ऐकू येत होतं. पुढच्या आठवड्यात शाळेतल्या चौथीच्या फळ्याचा फोटो आला: डावीकडे फटाका काढलेला, त्याखाली ‘टू’चे एका जातीचे शब्द, उजवीकडे फटाक्यावर फुली, त्याखाली दुसऱ्या जातीचे. रेनसाहेबांनी एवढ्या पानांत जे केलं ते एका फटाक्यात. मी तो फोटो कट्ट्यावर दाखवला. ही युक्ती मूळ कुणाची, हे सांगायला मी विसरलो नाही.

लग्नाच्या याद्यांत सगळे बुडालेले असताना काल रात्री पुन्हा फोन वाजला. साडेदहा झाले होते.

‘सर, झोपला नव्हता ना? एक अडलंय. ‘आय अ‍ॅम गोइंग टू लातूर.’ इथं पुढं नाम हाय. म्हंजे दिवाळीवाला ‘टू’.’

‘बरोबर.’

‘‘आय अ‍ॅम गोइंग टू ईट.’ इथं क्रियापद. म्हंजे बिनदिवाळीचा.’

‘अगदी बरोबर.’

‘मग ‘आय अ‍ॅम गोइंग टू स्लीप’ यातला कोणता? ‘स्लीप’ तर झोप पण होतंय आणि झोपणं पण. का दोन्ही एकाच वाक्यात बसलेत? उद्या पोरं विचारतील.’

मी ‘एक मिनिट हं’ म्हणून लाल पुस्तक काढलं, चष्मा शोधला, अनुक्रमणिका लावली. रेनसाहेबांनी यावर काही म्हटलेलं दिसेना. मार्टिनसाहेबांकडून अपेक्षा नव्हतीच. फोनमधून बाईंचा आवाज, ‘सर, आहात ना?’ मी पान उलटलं, पुन्हा उलटलं. दोन्ही अर्थ खरे आहेत आणि दोन्ही ‘टू’ तिथं मजेत राहताहेत, असा मला दाट संशय यायला लागला होता. पण तटावरचा शिपाई असं कसं बोलणार?

पलंगावरून पत्नीचा आवाज आला, ‘विहीणबाईंना सांगा, दोन्ही ‘टू’ मी आत्ता एकदमच करून दाखवते. फक्त तो लाइट घालवा.’